सत्तावीस नंबरची टोपी

मी एक जुना टॅग आहे, मित्रांनो; सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या अंगावर चिकटवून तो कुठे जातो ते सांगणारं यंत्र. तळहाताएवढा, काळपट, एका बाजूला चरा पडलेला. माझ्या तळाला एका सीलचे थोडे केस अजून चिकटलेले आहेत. ते कुणी काढले नाहीत, आणि निघावेत असं मलाही कधी वाटलं नाही. शास्त्रज्ञांच्या कागदावर माझा क्रमांक सत्तावीस. ज्यांच्यात मी आयुष्य काढलं ते ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरचे शिकारी मात्र मला टोपी म्हणतात.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका थंड गावातल्या कार्यशाळेत झाला. एका बाईने भिंगाखाली माझ्या तारा जोडल्या, त्यांवर राळेसारखं द्रव्य ओतलं आणि ते दगडासारखं घट्ट झाल्यावर मला मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिलं. माझ्या पोटात एक घड्याळ आहे आणि पाण्याचा दाब मोजून खोली सांगणारं एक यंत्र आहे. दोन्ही कुशींवर धातूचा एकेक ठिपका आहे. खाऱ्या पाण्यातून वीज जाते. त्यामुळे दोन ठिपक्यांमध्ये वीज वाहू लागली की मी समजायचं, आपण पाण्याखाली आहोत, गप्प बसायचं. वीज तुटली की समजायचं, आपण हवेत आहोत. मग डोक्यावरच्या तारेतून आकाशातल्या उपग्रहाला हाक मारायची. हाक एका सेकंदाहून कमी. दाब आणि घड्याळ काय म्हणतात ते मी टिपून ठेवायचं, पण बोलायचं की नाही हे ठरवणार ते ठिपके. हा नियम त्या बाईने माझ्यात घातला, तेव्हा मला त्यात काही खोट दिसली नाही.

एवढं सांगितल्यावर तुम्हाला माझा स्वभाव कळला असेल. सांगण्यासारखं पुष्कळ आणि सांगायला एक सेकंद. मला कायम घाई असे.

सप्टेंबरमध्ये मी आणखी चार टॅगांबरोबर पेटीतून वस्तीवर उतरलो. आम्हाला घेऊन आली होती तुपार्ना. ती राजधानीतल्या संशोधन केंद्रात काम करणारी, तिशीची, ग्रीनलंडचीच; पण दक्षिणेकडची, त्यामुळे तिच्या बोलण्याला इथे सगळे हसत. सील पकडून देण्याचं काम मासाना नावाच्या शिकाऱ्याने घेतलं होतं. बावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, आणि बोलून चुकणारा माणूस. हे शेवटचं पुढे लक्षात येईल.

मासानाचं जाळं सील मारायचं होतं. खालच्या दोराला दगड बांधलेले असत. अडकलेली सील वर येऊ शकत नसे आणि बुडून मरत असे. तुपार्नाला सील जिवंत हवी होती. मासानाने चार दिवस बसून एकेक दगड सोडवला, म्हणजे अडकलेल्या सीलला जाळ्यासकट वर येऊन श्वास घेता यावा. दुकानदार हान्सेराक येता-जाता हे बघत होता.

"काय रे मासाना, सीलसाठी पाळणा विणतोयस?"

"तुला झोपवायला विणतोय. वजन पेलेल का ते बघतोय."

अकराव्या तारखेला जाळ्यात एक मादी सापडली. अंगावर कड्यांसारखी नक्षी असलेली, साठ किलोंच्या आसपास. दोघांनी तिला किनाऱ्यावर धरलं. तुपार्ना केस पुसून डोक्यावर गोंद लावायला लागली, तेव्हा मागून आवाज आला.

"अगं ए राजधानीच्या बाई, डोक्यावर नको."

ती बोलेता होती, मासानाची आत्या, वय शहात्तर. तिची आणि मासानाची एक गंमत आहे, ती आधीच सांगतो. मासानाला नाव त्याच्या आजोबांचं, म्हणजे बोलेताच्या वडिलांचं आहे. या लोकांत नाव ठेवलं की तो माणूसच परत आला असं धरतात. म्हणून शहात्तर वर्षांची आत्या बावन्न वर्षांच्या भाच्याला 'बाबा' म्हणते, त्याच्याकडे हट्ट करते, आणि तो तिला 'पोरी' म्हणतो. इथे त्याचं कुणाला हसू येत नाही.

"हिवाळ्यात ती बर्फातल्या भोकातून श्वास घेते," बोलेता म्हणाली. "भोक तिच्या डोक्याएवढं. तुझी टोपी पहिल्याच दिवशी घासून निघेल. मानेवर लाव."

"पण आजी, पाण्यातून डोकं आधी वर येतं. तार हवेत यायला हवी."

"मग मानेवर, पण वरच्या अंगाला. बाबा, सांग ना हिला!"

"पोरगी म्हणते तसं कर," मासाना म्हणाला. "नाहीतर ही मला जेवू घालायची नाही."

मी मानेवर बसलो. गोंद वाळेपर्यंत मासाना वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग त्यांनी सीलला सोडलं आणि ती पाण्यात गेली. पहिली बुडी अठरा मीटर. तीन मिनिटं दहा सेकंद.

त्या संध्याकाळी दुकानात मासानाने सगळ्यांसमोर नियम केला. टोपीवाली सील वर्षभर कुणी मारायची नाही.

"आणि तूच मारलीस तर?" हान्सेराकने विचारलं.

"मी? माझे डोळे काय तुझ्यासारखे पावट्याचे आहेत? मी मारली तर माझी पुढारी कुत्री तुझी."

स्लेज ओढणाऱ्या तेरा कुत्र्यांना वाट दाखवणारी ती कुत्री. शिकाऱ्याने असलं बोलू नये. पण बोलून गेला.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन महिने माझे कौतुकाचे. ती खुल्या समुद्रात गेली. एकशे चाळीस मीटर, सहा मिनिटं. वर, चार श्वास, पुन्हा खाली. दर वेळी वर आलं की माझी एक हाक. पाण्याचा पडदा निथळायच्या आत आकडे जमवायचे, मापात बसवायचे, पाठवायचे, आणि पाणी अंगावर आलं की अर्धं वाक्य गिळायचं. एका आठवड्यात तिने दोनशे किलोमीटर कापले. बाकीचे टॅग दिवसाला तीस-चाळीस हाका मारत, मी शंभरावर जाई. तुपार्नाने फोनवर सांगितलं की सत्तावीस सगळ्यांत बडबड्या आहे. दुकानात लोक नकाशावर माझे ठिपके बघत. मासाना म्हणे, "हिला माझ्यापेक्षा जास्त फिरायला मिळतं."

नोव्हेंबरात समुद्र गोठू लागला आणि ती परत फिरली. वस्तीपासून स्लेजने दोन तासांवर पुइसिलिक खाडी आहे. तोंडाशी सहाशे मीटर खोल, मग मध्ये समुद्रतळाचा एक उंबरठा, आणि आत पक्षी घरटी करतात त्या कड्याखाली सपाट बशीसारखी जागा. एकोणीस नोव्हेंबरला मी खाडीच्या तोंडाशी शेवटची हाक मारली. दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो, आणि वरून बर्फाने झाकण घातलं.

आता काय झालं ते नीट ऐका. ती पुढच्या पंजांच्या नखांनी बर्फ खरवडून भोकं उघडी ठेवत असे. त्यांवर बर्फ साचला होता, त्याखाली तिने गुहा केली होती. माझी तार हवेत यायची, पण वर छत. तेही चाललं असतं. केव्हातरी एखादी हाक निसटली असती. पण महिन्याभरात माझ्या कुशींवर शेवाळ, सीलच्या अंगचं तेल आणि मीठ यांचं चिकट साल बसलं. त्या सालीतून वीज वाहतच राहिली. मी गुहेत, कोरड्या हवेत असताना दाब सांगायचा, शून्य मीटर, आपण वर आहोत. ठिपके सांगायचे, खारं पाणी, आपण खाली आहोत. आणि नियम होता की ठिपक्यांचं ऐकायचं.

मी गप्प राहिलो. डिसेंबर गेला. वर सूर्य उगवतच नव्हता आणि मी आकडे टिपत होतो. दोनशे बारा मीटर, सात मिनिटं. वर. शून्य. बोलू का? नको. दोनशे बारा मीटर. वर. बोलू का? नको. दिवसातून ऐंशी वेळा माझ्यात हा तंटा होई आणि ऐंशी वेळा मी हरे. जिला विश्रांती अशी नव्हतीच, तिच्या मानेवर बसून मी खालीवर होत राहिलो. जानेवारीत एकदा भोक गोठलं होतं. तिने नखांनी खरवडलं, दातांनी चावलं. चार मिनिटं लागली. मी सेकंद मोजत होतो. तेवढंच मला येत होतं.

या काळात वर काय चाललं होतं ते मला नंतर, बोलेताच्या खिडकीत बसून कळलं. डोंगरापलीकडच्या खाणीला धातू न्यायला वाट हवी होती. खाणवाल्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षापासून दर एप्रिलात बर्फ फोडणारं जहाज पुइसिलिक खाडीतून न्यावं. जहाज गेलं की बर्फाला चीर पडते, चीर पडली की स्लेज जात नाही, आणि ज्या महिन्यांत वस्तीच्या माणसांचं आणि कुत्र्यांचं पोट त्या बर्फावर चालतं तेच महिने जातात. परवानगी देणाऱ्या सरकारी कचेरीने अट घातली होती की हिवाळ्यात सील राहतात त्या खाडीतून जहाज जाणार नाही. मग नकाशा आला. आम्हा पाच टॅगांपैकी दोन खुल्या समुद्रात होते, तीन गप्प. खाडीच्या आत एकही ठिपका नाही. तुपार्नानेच तो नकाशा काढला होता. तिने जे ऐकलं तेवढंच मांडलं होतं. कचेरीने आतल्या कोऱ्या जागेवर लिहिलं, 'हिवाळ्यात सील आढळत नाहीत.'

ते माझं मौन होतं, मित्रांनो. मी ज्या जागी ऐंशी वेळा रोज खालीवर होत होतो, नेमकी ती जागा माझ्यामुळे रिकामी ठरली.

कचेरीचा माणूस फेब्रुवारीत वस्तीवर आला. नीटनेटका, सभ्य, कागदाला धरून चालणारा.

"मी आठवड्याला चार सील आणतो तिथून," मासाना म्हणाला.

"याची नोंद आहे का?"

"आहे ना. माझ्या कुत्र्यांच्या पोटात."

सगळे हसले. तो माणूसही हसला. पण लिहिताना त्याने ते लिहिलं नाही. चौदा मेला सभागृहात शेवटची सुनावणी ठरली.

आता बावीस एप्रिल. ऊन दिवसभर राहायला लागलं होतं आणि सील भोकांतून वर येऊन बर्फावर पहुडायला लागल्या होत्या. मासाना पक्ष्यांच्या कड्याखाली आला होता. ऊन पडलं की बोलेता स्लेजवर बसून बरोबर येई. स्लेज तिच्यासकट लांब थांबवून तो पांढऱ्या कापडाचा पडदा पुढे ढकलत पोटावर सरपटत निघाला. माझी सील त्याच्याकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या मानेवर, पलीकडच्या अंगाला. समोरून दिसलो नाही. बोलेताचा सल्ला खरा ठरला होता, हिवाळाभर मी घासून निघालो नव्हतो. आणि त्याच सल्ल्यामुळे मी लपलो होतो.

ऐंशी मीटरवरून एक गोळी. तिने मान खाली टाकली. त्यापुढे मी टिपण्यासारखं काही उरलं नाही. बुड्यांची रांग तिथे थांबली.

मासाना धावत आला, तिला उलटवलं, आणि मला पाहिलं. त्याने जी शिवी दिली ती मुलांच्या पुस्तकात लिहिता येणार नाही.

बोलेता कुत्र्यांना हाकत स्लेज घेऊन आली. "काय झालं, बाबा?"

"टोपीवाली."

"मग?"

"मग काय? नियम माझा! कुत्री माझी! तो हान्सेराक उन्हाळाभर दुकानाच्या पायरीवर बसून हसेल." त्याने सुरी काढली. शेजारी बर्फाला पडलेली चीर होती, खाली काळं पाणी. "हिच्याकडून नोव्हेंबरपासून हूं की चूं नाही. राजधानीत सगळे धरून चाललेत की ही मेली. मेलीच आहे. ही टोपी खाली सोडली तर कुणाचं काय जातंय?"

"आधी तिला पाणी तर दे."

"पोरी, आता नको."

"आता नको म्हणजे? खाऱ्या पाण्यात जन्म काढलाय तिने. तहानलेलीच असतात बिचारी. घोटभर गोडं पाणी मिळेल या आशेने आपल्याकडे येतात. तूच शिकवलंस मला. मी सहा वर्षांची होते, याच कड्याखाली."

"मी नाही शिकवलं. मला आठवत नाही."

"तुला कसं आठवेल? मेल्यावर माणसं विसरतात. म्हणून तर मी मागे राहिलेय."

मासानाने सुरी खाली केली. बोलेताने पिशवीतून बाटली काढली. हिमनगाचा तुकडा वितळवून केलेलं ते पाणी होतं, अंगाशी धरून कोमट ठेवलेलं. तिने सीलचा जबडा उघडला आणि पाणी ओतलं. तोंडातून ते ओघळलं आणि मानेवर आलं. माझ्यावर आलं.

"शी! टोपी किती मळलीय हिची," ती म्हणाली, आणि अंगठ्याने मला चोळलं. एक कूस. मग दुसरी. मग बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्यावर ओतलं.

चौदा वाजून बारा मिनिटांनी माझ्या ठिपक्यांमधली वीज तुटली.

एकशे चोपन्न दिवसांनी पहिल्यांदा दाब आणि ठिपके एकच सांगत होते. हवा. मी हाक मारली. पंचेचाळीस सेकंद थांबलो, कारण थांबायचा नियम आहे. पुन्हा मारली. वर छत नव्हतं. मासानाने सुरीने माझ्याभोवतीची कातडी कापून मला सोडवलं आणि स्लेजवर टाकलं. तार आकाशाकडे होती. तो सील सोलत होता, आत्या काळीज वेगळं काढत होती, आणि मी दर पंचेचाळीस सेकंदांनी ओरडत होतो. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

निघताना मासानाने मला कोटाच्या खिशात घातलं. चिरेत टाकलं नाही. आत्यासमोर टाकवलं नाही, एवढंच. वस्ती दिसू लागली तसा तो किनाऱ्याजवळ थांबला. भरतीओहोटीने तिथला बर्फ रोज फुटतो. त्याने मला बाहेर काढलं. बोलेता स्लेजवर पाठ करून बसली होती. तिला कळलं होतं, पण तिने मान वळवली नाही.

"टाक," ती म्हणाली. "स्वतःच केलेल्या नियमाला माणूस भितो, हे मी आज पाहिलं. माझा बाप असा नव्हता."

तेवढ्यात फोन वाजला. वस्तीजवळ आलं की फोन लागतो.

"मासानाकाका!" तुपार्नाचा आवाज मला त्याच्या मुठीतही ऐकू येत होता. "सत्तावीस बोलली! जिवंत आहे! खाडीच्या आत आहे, पार आत, कड्याखाली! सोळा हाका आल्यात. तुम्ही खरं सांगत होता. काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"पण फक्त आजचं आलंय. 'आज आली असेल' असं म्हणतील. हिवाळ्याचं सगळं तिच्या टॅगमध्ये आहे आणि ते काही आपल्या हाती यायचं नाही. पुढच्या महिन्यात केस गळतील, टॅग तळाला जाईल. निदान लांबून बघून याल का तिला? फोटो काढाल? काय करतेय ते तरी सांगा."

मासानाने मुठीकडे पाहिलं. खाली फुटलेल्या बर्फात पाणी हलत होतं. त्याला मला सोडून देता आलं असतं. 'बघतो' म्हणता आलं असतं. कुत्री राहिली असती, शब्द राहिला असता, आणि खाडी गेली असती. मी त्याच्या मुठीत दर पंचेचाळीस सेकंदांनी हाक मारत होतो. सहा हाका झाल्या.

"बघितली मी तिला," तो म्हणाला.

"हो? काय करतेय?"

"आत्या तिचं काळीज घरी घेऊन चाललीय."

तो पाण्यापासून दोन पावलं मागे सरला.

"मी मारली. समोरून टोपी दिसली नाही. दिसली नाही हे खरं, पण मारली मीच. तुझी टोपी माझ्या हातात आहे. उद्याच्या हेलिकॉप्टरने पाठवतो."

"हातात?" तुपार्ना म्हणाली. "काका, हातात आहे? घट्ट धरा! खिशात घाला! वाकू नका कुठे!"

बोलेताने आता मान वळवली. "चल, बाबा," ती म्हणाली. "सूप करते."

मासाना आधी दुकानात गेला. त्याने पुढारी कुत्रीचा पट्टा हान्सेराकच्या हातात दिला आणि काय झालं ते सगळ्यांना सांगितलं. हान्सेराकने तोंड उघडलं, मासानाकडे पाहिलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं.

राजधानीत त्यांनी माझं पोट उघडलं. एकट्या खाडीतल्या हिवाळ्याच्या बारा हजार तीनशे सहा बुड्या निघाल्या. तुपार्ना मला घेऊन सुनावणीला परत आली. कचेरीच्या माणसाने सगळे आकडे शांतपणे पाहिले आणि बरोबर प्रश्न विचारला. मी त्याचा राग धरत नाही.

"यात खोली आहे. जागा कुठे आहे? पाण्याखाली याला जागा कळत नाही. ही सील दुसऱ्या एखाद्या खाडीत असू शकते."

तुपार्नाने कागद खाली ठेवला. तिलाही ते ठाऊक होतं.

"तळ किती म्हणालीस?" मासानाने विचारलं.

"दोनशे बारा. वीस नोव्हेंबरपासून रोज तोच सपाट तळ. दोनशे अकराच्या वर नाही, दोनशे तेराच्या खाली नाही."

मासाना हसला. तो आणि त्याच्यासारखे सगळे हॅलिबट मासा पकडायला लांब दोर सोडतात. इथल्या प्रत्येक खाडीचा तळ त्यांना दोराच्या गाठींनी पाठ असतो. "पुइसिलिकच्या तोंडाशी सहाशे. उत्तरेच्या खाडीत साडेचारशे. दक्षिणेच्या खाडीत तळ सपाट नाहीच, माझे तीन दोर अडकलेत तिथे. दोनशे बारा आणि सपाट एकाच ठिकाणी आहे. चला, दाखवतो."

सभा उठून बर्फावर गेली. कचेरीचा माणूसही स्लेजवर बसला. कुत्री हान्सेराकची झाली होती, म्हणून त्या दिवसापुरती मासानाला ती मागून आणावी लागली. हान्सेराकने सगळ्यांसमोर दोनदा 'दे ना' म्हणवून घेतलं, मगच दिली.

कड्याखाली माझ्या सीलचं भोक अजून तसंच होतं. वर पातळ बर्फ धरला होता. मासानाने तो फोडला, दोराला शिसं बांधलं आणि सोडायला सुरुवात केली. दोर खूप वेळ जात राहिला. मी बोलेताच्या कोटाच्या खिशात होतो. बॅटरी संपत आली होती, पण मी मोजत होतो. मग दोर सैल पडला. मासानाने गाठी मोजल्या आणि तुपार्नाने पट्टी लावून शेवटच्या गाठीपुढची लांबी मोजली.

"दोनशे बारा मीटर आणि तीस सेंटिमीटर."

कचेरीच्या माणसाने वही काढली. त्या खेपेला त्याने लिहिलं.

जहाजाला दर वर्षी जून संपेपर्यंत खाडी बंद झाली. कायमची नाही, कायमचं असं तिकडे कुणी काही देत नाही. पण बर्फ असेपर्यंत बर्फ वस्तीचा राहिला. कुत्रीचं सांगायचं तर ती उन्हाळाभर दुकानाच्या दारात पडून राहिली, हान्सेराकचं एकही ऐकलं नाही, आणि सप्टेंबरात त्याने ती परत केली. "मी विकतो त्यापेक्षा ही खाते जास्त," तो म्हणाला.

माझं काम संपलं. नवे टॅग आले. त्यांना माझ्यासारखं गप्प बसावं लागू नये म्हणून तुपार्नाने कार्यशाळेला लिहून नियम बदलून घेतला, आता दाबाचंही ऐकतात. मी बोलेताच्या खिडकीत राहिलो. आधी लोक मला बघायला येत, उचलून घेत. मग माझ्यावर धूळ बसली. मग खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत माझा उपयोग होऊ लागला. तेव्हाच हा चरा पडला. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. हालचालीची सवय असलेल्याला स्थिर बसणं फार जड जातं. अजूनही भरतीच्या वेळी माझ्यात काहीतरी खाली जाऊ बघतं.

दोन हिवाळ्यांनी बोलेता गेली. मासाना त्या दिवसांत फार थोडं बोलला. एप्रिलमध्ये हान्सेराकच्या घरी नात जन्मली. तिचं नाव बोलेता ठेवलं. सगळी वस्ती कॉफीला जमली. मासाना उशिरा आला, बर्फावरून थेट, हातात त्या दिवशीच्या सीलचं काळीज.

"पोरी," तो त्या तीन आठवड्यांच्या बाळाला म्हणाला, "पाणी दिलं हो तिला. विसरलो नाही."

आता मी तिच्या घरी असतो. ती नऊ महिन्यांची आहे आणि हाताला येईल ते तोंडात घालते. परवा मला घातलं. मित्रांनो, माझी बॅटरी केव्हाच संपली आहे. तरी तिची लाळ कुशींवर आली तेव्हा मी सवयीने गप्प बसलो आणि खोली मोजायला लागलो. मासानाने मला तिच्या तोंडातून काढलं, गोड्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि खिडकीत उन्हाला ठेवलं.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, वर्गात कुणीतरी बरेच दिवस गप्प असेल. त्याच्या जागी 'इथे कुणी नाही' असं लिहून मोकळे होऊ नका. तो तिथेच असेल, दिवसातून ऐंशी वेळा वर येऊन बोलू की नको करत असेल. उठा आणि जवळ जा. जाताना घोटभर गोडं पाणी घेऊन जा.